गोळीच्या पाकिटावरची लाल अक्षरे

"डॉक्टर, ही तर ड्रग्ज आहेत. या वयात आईला व्यसन लावू का?"

मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी मला असे विचारले. त्यांच्या आईचा कर्करोग हाडांत पसरला आहे. रात्र रात्र कण्हणे चालले होते, म्हणून मी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी मोबाईलवर कायद्याचे नाव वाचले आणि गोळ्या न घेताच परत आले.

हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडेल, म्हणून नीट सांगतो.

आपल्याकडे औषधांची वर्गवारी मुख्यतः दोन ठिकाणी होते. पहिले, १९४५ चे औषध नियम. त्यातल्या 'शेड्यूल एच'ची औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पाकिटावर 'आरएक्स' असते. 'एच वन' हा वर्ग २०१४ पासून लागू झाला. झोपेसाठीचे झोल्पिडेम, घबराटीवरचे अल्प्राझोलाम, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन त्यात आहे. ही औषधे देताना केमिस्ट तुमचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहितो आणि ती वही तीन वर्षे जपतो. 'शेड्यूल एक्स' त्याहून कडक: चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात दोन वर्षे राहते.

आता गंमत बघा. त्याच 'एच वन'मध्ये क्षयरोगाची औषधे आणि काही अँटिबायोटिक्सही आहेत. त्यांची नशा कोणाला होत नाही. ती मन मानेल तशी घेतली तर जंतू त्यांना जुमानेनासे होतात, म्हणून ती तिथे आहेत. उलट पॅरासिटामॉल सहज मिळते, पण एकदम खूप गोळ्या घेतल्या तर यकृत निकामी होऊ शकते. म्हणजे वर्ग पाहून औषध किती जहाल हे कळत नाही. त्यावर पहारा किती ठेवायचा, एवढेच सरकारने तिथे ठरवलेले असते.

दुसरे ठिकाण म्हणजे १९८५ चा एनडीपीएस कायदा. अफू, गांजा, चरस, हेरॉईन यांच्यासोबत मॉर्फिनही त्यात येते. वेदनाशामक ट्रामाडॉल २०१८ मध्ये त्यात आले. हाच कायदा गांजाच्या झाडाचा फुलोरा आणि राळ यांवर बंदी घालतो, नुसत्या पानांना मात्र त्या व्याख्येतून वगळतो. भांग त्यामुळेच सुटते.

पहारा जास्त झाला तर काय होते, ते मी घरात पाहिले आहे. २००९ साली माझे वडील स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. मी तेव्हा शिकत होतो. ज्या रुग्णालयात ते होते, तिथे मॉर्फिन नव्हतेच. त्या काळी मॉर्फिन ठेवायचे तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. बरीच रुग्णालये त्या भानगडीत पडतच नसत. औषध कोणते हवे ते मला पुस्तकातून पाठ होते. वडिलांना ते देता आले नाही. शेवटचे अकरा दिवस ते उशीचा कोपरा दातात धरून असायचे.

२०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसारख्या औषधांना 'अत्यावश्यक' म्हणून वेगळे स्थान मिळाले आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकाच मंजुरीवर ती ठेवता येऊ लागली. तरी ती सगळीकडे मिळत नाहीत, आणि मिळतात तिथे घरच्यांची भीती आड येते.

तर लक्षात ठेवा. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेतले तर व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. सुरुवातीला गुंगी येते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत घ्या. शरीराला सवय होते, त्यामुळे अचानक बंद करू नका. डोस स्वतःहून वाढवू नका. गोळ्या कुलपात ठेवा, चिठ्ठी जपा, दुसऱ्या कोणाला देऊ नका. उरल्या तर रुग्णालयात परत करा.

ते गृहस्थ गोळ्या घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: "आई काल रात्री झोपली. सकाळी उठून तिने चहा मागितला."