कुलूप नसलेला तुरुंग

तुरुंगात कसला आला आहे विनोद, असे कुणी विचारील. पण १९७४ ते १९७७ या काळात इंग्लंडमध्ये बी.बी.सी.ने ‘पॉरिज’ नावाची विनोदी मालिका दाखविली. तुरुंगातल्या लापशीवरूनच तिचे नाव पडले. रॉनी बार्कर यांनी रंगविलेला तिच्यातील मुरलेला कैदी तिकडे राहून आलेल्या काही वाचकांना आठवत असेल. आम्हां अंधेरीकरांच्या बालपणी मात्र तुरुंग आला तो व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटातून. तोही शेजाऱ्यांच्या टी.व्ही.वर, रविवारी संध्याकाळी, खिडकीचे गज धरून. गजांना धरून आम्ही उभे, आणि कैदी मोकळ्या रानात!

मोठी माणसे शेवटी डोळे पुसत. आम्हां मुलांना हवे असत ते हसण्याचे प्रसंग. खून करून आलेले ते सहा दांडगे पुरुष, आणि खेळणी विकणारी चंपा गात आली की त्यांची उडणारी तारांबळ!

कथा ग. दि. माडगूळकरांची, पण निव्वळ कल्पनेतली नव्हे. त्यांच्याच मुलखात, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली होती. कैद्यांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे, अशी तेथली रीत. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला ‘सिल्व्हर बेअर’ मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिकही. हे दुसरे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

काही वर्षांपूर्वी आम्ही हा चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात दाखविला. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. शिक्षा भोगून परतलेले. सारे गंभीर होत तेथे हे हसत. पळालेले कैदी जेलरच्या डोळ्यांच्या आठवणीने माघारी फिरतात, तेथे तर इतके मोठ्याने, की पुढच्या बाईंनी वळून पाहिले. खुर्च्या आवरताना ते म्हणाले, “फादर, अगदी तसंच होतं. सुटलो त्या रात्री स्टेशनवर उतरलो, आणि घरी पोहोचायला मला तीन तास लागले.”

स्टेशनपासून त्यांचे घर पंधरा मिनिटांवर आहे.

तेव्हापासून सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते. दोन-तीन कुटुंबांनी त्यावर हरकत घेतली; ती अजून मिटलेली नाही.