एका ‘नको’ची कथा

इंग्रजी व्याकरण शिकवितां शिकवितां आमची वीस वर्षें सरलीं. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट’, ‘हॅव टू’ या क्रियापदांचा पाठ आम्ही दरवर्षीं मोठ्या आत्मविश्वासानें देत आलों. फळ्याच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द व उजव्या बाजूस मराठी अर्थ लिहिला, कीं आपलें काम झालें, अशी आमची समजूत होती. ती एका विद्यार्थ्यानें दूर केली.

त्या मुलाचे वडील अंथरुणास खिळले होते. शनिवारीं आम्ही जादा वर्ग घेत असूं. त्या दिवशीं तरी त्याला वडिलांजवळ बसतां यावें, या हेतूनें आम्हीं शुक्रवारीं त्याच्या वहींत लिहिलें, ‘यू नीड नॉट कम.’ शनिवारीं तो आला नाहीं, हें ठीकच होतें. परंतु सोमवारीं नाहीं, मंगळवारीं नाहीं, गुरुवार उजाडला तरी नाहीं! वडिलांचें कांहीं बरेंवाईट झालें कीं काय, या शंकेनें आम्ही त्याचें घर गांठलें. वही हातांत घेऊन तो दारांत उभा राहिला व खालीं मान घालून म्हणाला, “सर, माझें काय चुकलें? येऊं नको, असें आपणच लिहिलें ना?”

आम्हीं वही चाळली. मागील पानावर आमच्याच सांगण्यावरून त्यानें अर्थ उतरून घेतले होते: ‘मस्ट नॉट’ म्हणजे नको, ‘नीड नॉट’ म्हणजे नको. चूक त्याची नव्हती, आमची होती.

वास्तविक आपली मायबोली या बाबतींत मुळींच दुबळी नाहीं. ‘यायला नको’ म्हटलें कीं मोकळीक मिळते. ‘येऊं नको’ म्हटलें कीं मनाई होते. आम्हीं मात्र वाक्य तोडून नुसता ‘नको’ मुलांच्या हातीं दिला. ‘मस्ट’ व ‘हॅव टू’ हे शब्द होकारांत एकमेकांच्या जवळ असतात. ‘तूं आलें पाहिजेस’ आणि ‘तुला यावें लागेल’ यांत फारसें अंतर नाहीं. पण नकार येतांच त्यांच्या वाटा फुटतात. ‘मस्ट नॉट’ दार लावून घेतें. ‘नीड नॉट’ व ‘डोन्ट हॅव टू’ दार उघडें ठेवून, येणें न येणें आपल्या मर्जीवर सोपवितात. तेव्हांपासून आम्ही सुटे अर्थ देत नाहीं. प्रसंग सांगतों व पुरें वाक्य बोलवून घेतों.

‘ऑट’ हें मुळांत ‘ओ’ म्हणजे देणें असणें, या क्रियापदाचें जुनें भूतकाळी रूप होय. आपणही ‘मला जावें लागतें’ म्हणतों, आणि ‘मी त्याचें देणें लागतों’ असेंही म्हणतों. कर्तव्य आणि कर्ज यांचें नातें दोन्ही भाषांस ठाऊक आहे.

त्या मुलाचेंही आम्ही कांहीं देणें लागत होतों. शुक्रवारीं तो वर्गांत येऊन बसल्यावर, सर्व मुलांसमक्ष आम्हीं आपली चूक कबूल केली व त्याची क्षमा मागितली. ‘मस्ट’ म्हणून आम्हांस बजावणारें तेथें कोणी नव्हतें. ‘ऑट’ मात्र होतें.