पंधरा सेकंदांची चौकट

अब्बांनी कॉम्प्युटरवर वाचणं बंद केलंय, हे घरात महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्तीनंतर सकाळच्या चहाबरोबर दोन मराठी आणि दोन उर्दू वर्तमानपत्रं पडद्यावर वाचायची, हा त्यांचा नेम. विचारलं तेव्हा म्हणाले, "अक्षरं फुटतात रे. डोळेच गेले आता. वय झालं."

पण शेजारचा मुलगा रविवारी येऊन सेटिंग करून द्यायचा तेव्हा त्यांना स्वच्छ दिसायचं. एक-दोन दिवसांत पुन्हा तेच. डोळे असे वार बघून बिघडत नाहीत.

त्यांच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. ही संख्या कारखान्यातच ठरलेली. कॉम्प्युटरने १०२४ बाय ७६८चं चित्र पाठवलं की ते ताणून बसवलं जातं. अक्षरं जाडी होतात, कडा विरघळतात, अनुस्वार आणि रफार पुसट होतात. मराठी माणूस अंदाजाने वाचून नेतो. उर्दूत मात्र वरचा नुक्ता खाली गेला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो. अब्बांनी आधी उर्दू सोडलं, मग मराठी, ते यामुळेच.

स्वतः दुरुस्ती करायचा प्रयत्न त्यांनी केला होता. विंडोजमध्ये रिझोल्यूशन बदललं की एक चौकट येते: हे बदल ठेवायचे का? पंधरा सेकंदांत 'ठेवा' म्हटलं नाही, तर जुनं परत. नव्या सेटिंगने पडदा काळा पडला तर माणूस अडकू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. पण ज्याला नीट दिसत नाही म्हणून तो सेटिंग बदलतोय, त्याने इंग्रजीतली ती चौकट पंधरा सेकंदांत वाचून बटण शोधायचं! अब्बा चष्मा पुसेपर्यंत ती निघून जायची. मी एंटर दाबायला सांगणार होतो, पण तिथे आधीपासून निवडलेलं बटण बहुधा 'जुनंच राहू द्या' हे असतं.

दुरुस्तीवाल्याने आतला बटणसेल बदलला. त्या सेलवर घड्याळ आणि मदरबोर्डची सेटिंग टिकतात. पडद्याचं रिझोल्यूशन विंडोज डिस्कवर ठेवतं. घड्याळ तर पहिल्यापासून बरोबर होतं. मग त्याने नवा मॉनिटर घ्यायला सांगितलं.

तो घेण्याआधी मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. मॉनिटरच्या जागी कंपनीचं नाव नव्हतं, 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं लिहिलं होतं. म्हणजे कुणीतरी एक मॉनिटर. खरं तर प्रत्येक मॉनिटर केबलमधून आपली माहिती पाठवतो: मी कोण, माझे ठिपके किती. विंडोज त्या ओळखीच्या नावावर सेटिंग जपून ठेवतं. ओळख पोचली नाही, तर समोर अनोळखी पाहुणा आहे असं समजून साधं काहीतरी वाढतं. अब्बांची सेटिंग पुसली जात नव्हती, ती दुसऱ्या नावाखाली सुरक्षित होती.

जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये ही ओळख बारा आणि पंधरा नंबरच्या पिनांवरून जाते. केबल काढून उजेडात धरली. नववी पिन नव्हती, पण ती बऱ्याच केबलांत नसतेच, त्यावरून घाबरू नये. बारावी वाकलेली होती. शेजारचा मुलगा डबा पुढे ओढायचा तेव्हा ती टेकायची, आणि झाडताना डबा मागे सरकला की सुटायची. चित्राचे रंग वेगळ्या पिनांवरून येतात, म्हणून पडदा चालूच राहायचा आणि केबलवर कुणी संशय घेत नव्हतं.

पिन सरळ करता आली असती, पण पुन्हा वाकलेली पिन तुटते. नवी केबल आणली, दोन्ही टोकांचे स्क्रू आवळले. मॉनिटरचं नाव आलं, आणि मी काहीही न बदलता जुनी सेटिंगही आली. अब्बांनी उर्दू पेपर उघडला आणि पहिल्यांदा मागच्या महिन्याचे अंक मागितले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडची गुरुवारची वेळ आम्ही रद्द केलेली नाही. चष्म्याचा नंबर तीन वर्षांपूर्वीचा आहे.