किल्लीत नसलेला आकडा

मे 2025. मी तिवस्याला घरी होतो, काम पुण्याचं चालू होतं. नोड 18 ची मुदत 30 एप्रिलला संपली, म्हणून वर्कफ्लो फाइलमध्ये 18 चे 20 केले. लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास. पुश केलं आणि गिटहब अ‍ॅक्शन्सवर बिल्ड लाल.

लॉग सांगत होता : एसक्यूलाइटचं पॅकेज 108 साठी तयार झालंय, इथं 115 लागतो. 108 म्हणजे नोड 18, 115 म्हणजे 20. जुनं कुठून आलं? मी 'री-रन' दाबत राहिलो. चारदा. दर वेळी तेच.

आई दारातून म्हणाली, "काऊन रे बाबू, जेवाले येत नाही काय?"

अंगणात बाबा सोयाबीनची उगवण पाहत होते. ओल्या बारदान्यात 100 दाणे, मोड आलेले मोजायचे. सत्तराच्या खाली आले तर ते बियाणं पेरायचं नाही. शेजारच्या गोणीवर मार्करने 'जेएस 335' लिहिलं होतं. खाली साल. "साल नसन त समजन कसं, कोन्या वर्षाचं हाये थे?" बाबा म्हणाले.

ताट तसंच ठेवून मी आत आलो आणि कॅशेची किल्ली उघडली. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव होतं, लॉकफाइलचा हॅश होता. नोडचा आकडा नव्हता. लॉकफाइल बदललीच नव्हती, त्यामुळे किल्ली जुळायची, अख्खं जुनं नोड-मोड्यूल्स परत यायचं आणि इन्स्टॉलची पायरी वगळली जायची. त्याच नावाचा कॅशे पुन्हा लिहिलाही जात नाही. सात दिवस कुणी हात लावला नाही तर तो आपोआप जातो. पण आमची रोजची बिल्डं, आणि आता माझे री-रन, त्याला जिवंत ठेवत होते. याचं मला फार वाईट वाटलं.

सहकारी म्हणाला, कॅशे हातानं उडव, लगेच हिरवं होईल. झालं असतं. पण 22 वर जाताना हाच दिवस परत आला असता, कदाचित दुसऱ्या कुणाच्या वाट्याला. किल्लीत नोडची आवृत्ती घातली. नोड-मोड्यूल्सऐवजी एनपीएमचे डाउनलोडच साठवायचे ठरवलं, म्हणजे 'एनपीएम सीआय' दर वेळी कोऱ्या फोल्डरवर चालेल. बिल्डला थोडा वेळ जास्त लागतो. तो द्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

पुश केलं. लॉगमध्ये ओळ आली : कॅशे सापडला नाही. खाली इन्स्टॉल सुरू झालं.