डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा

ज्या पिढीचे बालपण मुंबई-पुण्यात फियाट 1100 किंवा मॉरिस मायनरच्या मागच्या सीटवर गेले, त्या पिढीची मोटारीतल्या विजेशी पहिली ओळख बहुधा डॅशबोर्डवरच्या एका बारीक तांबड्या दिव्यातून झाली. किल्ली फिरवली की तो लागे, इंजिनाने वेग घेतला की विझे आणि सिग्नलला गाडी थांबली की पुन्हा लुकलुकू लागे. वडीलधारी माणसे त्याच्याकडे फारसे लक्ष देत नसली, तरी मुलांची नजर मात्र त्यावरच खिळलेली असे. हा दिवा काय सांगतो हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागतात, आणि ते कळले की जुन्या गाडीची निम्मी विद्युत व्यवस्था समजते असे म्हणण्यास हरकत नाही.

या गाड्यांमध्ये बॅटरी भरण्याचे काम डायनॅमो करतो, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे आणि एकदिश विद्युतप्रवाह निर्माण करणारे यंत्र. तो आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआउट असतो. डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा वाढला की हा स्वयंचलित स्विच दोघांना जोडतो आणि दाब घसरला की तोडतो, अन्यथा बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत वाहून गेली असती. तांबड्या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोला जोडलेले असल्याने दोन्हीकडचा दाब सारखा होताच त्यातून प्रवाह वाहत नाही व तो विझतो. म्हणजे हा दिवा केवळ बिघाडाची सूचना देत नाही, तर दोन दाबांमधला फरक दाखवतो, आणि म्हणूनच त्याच्या मंद प्रकाशालाही अर्थ असतो. गाडी वेगात असताना, विशेषतः हेडलाइट लावल्यावर, दिवा अगदी मिणमिणता दिसू लागला, तर डायनॅमो वीज देत आहे पण कटआउटच्या काजळलेल्या संपर्कांवर किंवा एखाद्या सैल जोडावर दाब अडतो आहे, असा निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर ठरतो. धावत्या गाडीत तो एकाएकी पूर्ण लागला, तर आधी पट्टा पाहावा. तोच पट्टा पंखाही फिरवत असल्याने इंजिन तापण्याचा धोका बॅटरी उतरण्यापेक्षा आधी येतो.

तारुण्यात हीच ओळख अधिक कष्टाची झाली. डायनॅमो मंद गतीला जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे मुंबईच्या पावसात, रात्री, वायपर आणि दिवे चालू ठेवून गर्दीत रेंगाळलेली गाडी एकदा बंद पडली की सेल्फ नुसता कण्हायचा आणि गाडीला धक्का मारण्यावाचून गत्यंतर नसे. दोष बॅटरीला दिला जाई, क्वचित डायनॅमोला. खरा दोष पुष्कळदा अर्थिंगचा असे. मोटारीत परतीची वेगळी तार नसते, गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचा मार्ग असतो, आणि जिथे अर्थची पट्टी सांगाड्याला किंवा इंजिनाला बोल्टने आवळलेली असते तिथे रंग, तेल आणि गंज यांचा थर साचतो. या जागेची तपासणी सोपी आहे: व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ-टर्मिनलच्या खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगावे, काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर पट्टी सोडवावी, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत घासावेत, पुन्हा आवळून वर वॅसलिनचा हात फिरवावा. इतक्याने जी गाडी नीट सुरू होते, तिच्यात तोवर नवी बॅटरी आणि नवा सेल्फ बसवून झालेला असतो, ही खेदाची गोष्ट आहे. जुन्या गाडीत भाग क्वचित मरतात, जोड मात्र वारंवार मरतात. ही जाण ज्याला आली त्याचा खर्च निम्म्यावर येतो आणि गाडीचे मूळ भागही शाबूत राहतात.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्या पिढीतल्या कित्येकांनी उतारवयात वडिलांची गाडी पुन्हा चालती करण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर ध्रुवांचा प्रश्न उभा राहिला. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे मॉरिस मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटमध्ये ऋण टोक. बॅटरी काढताना आधी अर्थकडचे टोक सोडावे हा नियम दोन्हीकडे एकच. पण मायनरमध्ये ते धन असल्याचे ध्यानात न ठेवणाऱ्याचा पाना सांगाड्याला टेकला की ठिणग्या उडतात. मायनरचे ध्रुव बदलायचेच ठरले, तर बॅटरीबरोबर इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते आणि डायनॅमोच्या गाभ्यात उरलेले चुंबकत्व उलटे करण्यासाठी त्याच्या फील्ड टर्मिनलची तार सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श द्यावा लागतो.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि रोजच्या वापरातल्या गाडीसाठी तो चुकीचा म्हणता येणार नाही. जी गाडी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर निघते तिला मात्र मूळचा डायनॅमो पुरेसा आहे. त्याचे कार्बन झिजले तर बदलता येतात, कम्युटेटर लेथवर सारखा करून त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खरवडता येतो. हे काम जाणणारा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला, तर त्याच्याकडे डायनॅमो एकटा न नेता त्याच गाडीचा कटआउट आणि रेग्युलेटरचा डबाही न्यावा, कारण एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या जुळणीवाचून पुरी होत नाही.