झाडाची पेशी, माणसाची पेशी आणि एक पुडी

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. पेशीवर लिहा, आणि नववीच्या पुस्तकासारखं लिहू नका. पहिली अट आनंदाने मान्य केली. दुसरी पाळणं अवघड आहे, कारण नववीच्या पुस्तकातलंच बहुतेकांच्या डोक्यात शिरलेलं नाही, अशी माझी यंदाच्या पावसाळ्यात खात्री पटली.

माझी उभी नोकरी टिश्यू कल्चरमध्ये गेली, म्हणजे बाटलीत रोपं वाढवण्यात. निवृत्तीनंतर बांधावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या निमित्ताने मुळशीत, कोळवण खोऱ्यात जाणं-येणं असतं. त्यातल्याच एका ओळखीच्या शेतकऱ्याने भाताची लावणी उरकल्यावर माझ्यासमोर एक चकचकीत पुडी ठेवली. पुडीवर सफरचंदाचं चित्र आणि खाली ‘स्टेम सेल’ अशी अक्षरं. सकाळी उपाशीपोटी जिभेखाली धरायची. साखर, गुडघे, अर्धांगवायू, सगळ्यावर चालते म्हणे. एका पाहुण्याने ती गळ्यात मारलेली, आणि आणखी चार जणांच्या गळ्यात मारली की त्या पाहुण्याला कमिशन. इथवर नेहमीचंच. पण गृहस्थांनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

मी आवाज चढवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, झाडाच्या एका पेशीपासून अख्खं झाड होतं, हे तुम्हीच सांगता ना? मग त्याच पेशीपासून माझं स्वादुपिंड का नाही सुधारणार?”

प्रश्न अडाणी नाही. पुडी विकणाऱ्यापेक्षा विचारणारा नक्कीच हुशार आहे. शेतात उभ्याउभ्या मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही, कारण त्याला थोडा वेळ लागतो. ते इथे देतो.

आधी दोघांत सारखं काय ते पाहू. झाडाची पेशी असो वा माणसाची, बाहेर पातळ पेशीपटल, आत पेशीद्रव्य, डीएनए सांभाळणारं केंद्रक, प्रथिनं तयार करणारे रायबोसोम, ती प्रथिनं पुढे धाडणारी आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल, आणि ऊर्जा मोकळी करणाऱ्या तंतुकणिका. इथे मला थांबावंच लागतं. पदवीला आलेली मुलंही बिनदिक्कत सांगतात, ‘प्राण्यांत तंतुकणिका असतात, वनस्पतींत त्याऐवजी हरितलवकं.’ ‘त्याऐवजी’ नव्हे! वनस्पतीत दोन्ही असतात. हरितलवक उजेडात साखर तयार करतं, पण ती साखर वापरून पेशी चालवायची तर तंतुकणिका हवीच. मुळशीच्या खाचरात चिखलात बुडालेलं भाताचं मूळ घ्या. तिथे उजेड नाही, हरितलवक नाही, सगळी भिस्त तंतुकणिकांवर. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि चिखलात तो जवळजवळ नसतो. म्हणून भाताच्या मुळातल्या काही पेशी ठरवून मरतात. त्यांच्या जागी पोकळ्या होतात आणि पानांकडून आलेली हवा त्यातून मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते. ताम्हिणीकडून येणाऱ्या पावसात आठ-आठ दिवस पाण्यात उभा राहूनही भात कुजत नाही, त्याचं हे मोठं कारण.

आता फरक. झाडाच्या पेशीत तीन गोष्टी जादा असतात: सेल्युलोजची पेशीभित्तिका, लवकं आणि एक भलीमोठी रिक्तिका. पूर्ण वाढलेल्या पेशीचा 90 टक्क्यांपर्यंत भाग ही रिक्तिकाच व्यापते. पाणी, क्षार, रंगद्रव्यं, कधी विषसुद्धा, सगळं तिच्यात.

भित्तिकेचं महत्त्व पाहायचं तर शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो. ऱ्होईओच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल काढून काचपट्टीवर ठेवा. साध्या पाण्यात प्रत्येक चौकट जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेली दिसते. आता कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. थोड्या वेळात जांभळा भाग आक्रसून चौकटीपासून सुटतो, चौकट मात्र जागेवर तशीच राहते. परत साधं पाणी दिलं की बहुतेक पेशी पुन्हा भरतात. हाच साधा पाण्याचा थेंब रक्ताच्या थेंबावर टाकला, तर तांबड्या पेशी बघता बघता फुगून फुटतात, पाणी लाल होतं आणि पाहायला काही उरत नाही. भित्तिका असण्या-नसण्याचा हा परिणाम. झाडाच्या पेशीत पाण्याचा जो दाब असतो तो पुष्कळदा मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटी-तिपटीइतका भरतो. तो दाब भित्तिका तोलून धरते, म्हणून भाताचं कोवळं पान लाकडाशिवाय ताठ उभं राहतं.

पण या ताकदीची किंमत आहे. शेजारच्या दोन पेशींच्या भित्तिका पेक्टिनने चिकटलेल्या असतात. झाडाची पेशी जन्मली तिथेच राहते, तिला जागा सोडता येत नाही. आपल्या पेशी सरपटतात. बोट कापलं की कडेच्या पेशी जखमेवर सरकत येतात, पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, गर्भात तर पेशींची मोठी स्थलांतरं होतात. या मोकळिकीची किंमत आपणही मोजतोच. बिघडलेली पेशी उठून दुसऱ्या अवयवात जाऊन बसते आणि कर्करोग पसरतो. झाडालाही ॲग्रोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूमुळे गाठी येतात, पण त्या गाठीतल्या पेशी निघून दुसऱ्या फांदीवर वस्ती करत नाहीत. भित्तिका सोडतच नाही.

पळता येत नाही म्हणून झाडाने दुसरा मार्ग धरला: तोडलं तरी पुन्हा उगवायचं. खोडाच्या आणि मुळाच्या टोकाशी विभाजन करत राहणाऱ्या पेशींचा गट ते जन्मभर राखून ठेवतं. शंभर वर्षांच्या सागाच्या शेंड्यालाही नवी पानं फुटतात ती त्यामुळेच. माणसाचा आराखडा मात्र आईच्या पोटातच पुरा होतो. तिसरा हात पुढे कधीतरी फुटेल, अशी सोय आपल्यात ठेवलेली नाही.

झाडाच्या या सोयीचा फायदा आम्ही उठवला. भाताचं उदाहरण देतो. साळीचा दाणा सोलून, निर्जंतुक करून पोषक जेलीवर ठेवायचा. जेलीत लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास टू-फोर-डी घालायचं. होय, तेच टू-फोर-डी, जे खाचरातलं रुंद पानांचं तण मारायला कृषी केंद्रातून आणतात. जास्त दिलं तर तण मरतं, कणभर दिलं तर दाण्यातल्या अंकुराला लागून असलेला भाग पिवळट, रवाळ गाठीसारखा वाढतो. ती गाठ दुसऱ्या जेलीवर, उजेडात नेली की तिच्यावर हिरवे ठिपके येतात आणि ठिपक्यातून कोंब. इतकी वर्षं पाहिलं तरी तो पहिला हिरवा ठिपका दिसला की मी आजही जवळच्या माणसाला हाक मारून दाखवतो.

पुण्याने या विषयात केलेलं काम पुणेकरांनाच ठाऊक नाही, ही माझी जुनी तक्रार. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, शंभर वर्षांच्या सागापासून बाटलीत रोपं केल्याचं काम 1980 मध्ये प्रसिद्ध झालं. 1990 मध्ये तिथल्याच नाडगौडा, पाराशरामी आणि मॅस्करेन्हस यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की बांबूला बाटलीत फुलं आणली, बीही धरलं. ज्या कळकाला रानात फुलायला दशकं लागतात, त्याला प्रयोगशाळेत काही महिन्यांत फुलं! जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली. आपल्याकडे आज कुणाला विचारलं तर एनसीएल म्हणजे पाषाण रोडवरचा बसस्टॉप.

आता माझ्या आवडत्या वादाकडे येतो. वाचकांनी सोसून घ्यावं. ‘वनस्पतीच्या कोणत्याही पेशीपासून पूर्ण वनस्पती होते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतं, स्पर्धा परीक्षेत असतं आणि आता पुडीवाल्यांच्या व्हिडिओतही आहे. मूळ कल्पना हाबरलांट यांची, 1902 ची, आणि त्यांचे स्वतःचे प्रयोग फसले होते. 1958 मध्ये स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून रोपं केली. ती खरोखर एकेकट्या पेशीपासून होती की पुंजक्यापासून, यावर बोट ठेवता येत होतं. ती शंका 1965 मध्ये विमला वासिल आणि हिल्डेब्रांट यांनी फेडली. त्यांनी तंबाखूची एकच पेशी वेगळी वाढवून झाड केलं. म्हणजे ‘एका पेशीपासून झाड’ हे खरं. ‘कोणत्याही पेशीपासून’ हे मात्र मी कधी मान्य केलं नाही. पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या पेशी कामाला लागतात तेव्हा मेलेल्या असतात. साखर वाहणाऱ्या चाळणी-नलिकांना केंद्रक नसतं. भाताच्या जून पानाचा तुकडा जेलीवर ठेवून महिनाभर वाट पाहा, तपकिरी होऊन जाईल. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात सुगिमोतो, जियाओ आणि मायरोविट्झ यांनी दाखवलं की जी गाठ आम्ही ‘सगळं विसरून कोरी झालेली पेशी’ म्हणून शिकवायचो, ती प्रत्यक्षात उपमूळ फुटण्याच्या वाटेने चाललेली असते. पाकळीपासून केली तरी वाट मुळाचीच. तेव्हा झाडातसुद्धा हे कौशल्य निवडक पेशींचं आहे, आणि त्यालाही योग्य संप्रेरक, योग्य प्रमाण आणि पुष्कळ नशीब लागतं. हे समजावताना माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात.

माणसाकडे वळू. पूर्ण माणूस घडवण्याची क्षमता फलित अंड्यात आणि त्याच्या पहिल्या काही विभाजनांत असते, नंतर ती जाते. 1996 मध्ये जन्मलेल्या डॉली मेंढीत मोठ्या मेंढीच्या पेशीचं केंद्रक वापरलं होतं, पण त्याला दुसऱ्या मेंढीच्या अंड्यात बसवावं लागलं. 2006 मध्ये यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा बहुगुणी केलं आणि 2012 मध्ये गर्डन यांच्यासह नोबेल मिळवलं. या वाटेने इन्शुलिन देणाऱ्या बीटा पेशी घडवण्याच्या चाचण्या आज सुरू आहेत, पण त्या माणसाच्याच पेशी आहेत. आपल्याकडे रुळलेला मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये झालं. तिथेही दात्याची पेशी रुग्णाशी जुळावी लागते. सख्ख्या भावाची जुळेल याचीही खात्री नसते, सफरचंदाची कुठून जुळणार?

म्हणजे पुडीत काय आहे? ही कल्पना निघाली ती स्वित्झर्लंडच्या एका जुन्या, फार दिवस टिकणाऱ्या सफरचंदाच्या जातीवरून, आणि तीही चेहऱ्याच्या क्रीमसाठी. बाटलीत वाढवलेली गाठ फोडून तिचा अर्क काढतात. पुडीत ती भुकटी खरोखर असली, तरी तिच्यात जिवंत पेशी एकही नाही. पोटात गेल्यावर तिच्या प्रथिनांचे तुकडे होतात, डीएनएचेही होतात, आणि भित्तिकेचं सेल्युलोज आपल्याला पचत नाही म्हणून चोथा होऊन बाहेर पडतं. अर्धं सफरचंद सालीसकट खाल्लं तरी हेच होतं, आणि ते चवीला बरं लागतं.

गृहस्थांच्या गोळ्या आता पुन्हा सुरू आहेत. पुड्याही सुरू आहेत, ‘पैसे दिलेत तर संपवतो’ म्हणून. माझं शास्त्र इतपतच चाललं.

वाचकांना मात्र स्पष्ट सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीच्या प्रत्यारोपणापलीकडे मूळपेशींचा कोणताही वापर मान्य उपचार नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि तोही रुग्णाकडून पैसे न घेता. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या दारात अशी पुडी आली तर वेष्टणाचा आणि जाहिरातीचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, विकणारा पाहुणा असला तरी. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.