थर्मोस्टॅट आणि आंब्याच्या पेट्या

एलबीएस मार्गालगतच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलंच नाही आधी. माझ्या जुन्या मारुती 800 च्या चारही चाकांना हात लावून पाहिला. एकही चाक तापलेलं नव्हतं, म्हणजे ब्रेक चिकटत नव्हता. मग स्पार्क प्लग काढला. टोकाला बिस्किटासारखा रंग हवा, तिथे काळीकुट्ट काजळी. तो म्हणाला, "इंजन ठंडा चल रहा है."

मे महिन्यात, घाटकोपरला, दुपारी!

गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की सोसायटीत पहिला संशय पंपावर जातो. हल्ली इथेनॉलवरही. त्यात तथ्य आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर सहा-सात टक्के ॲव्हरेज जाणारच. पण त्याहून जास्त गेलं तर त्याचं खापर उसावर का फोडायचं? शिवाय असल्फा ते साकीनाका हा रस्ता आहेच. डोक्यावरून मेट्रो जाते, खाली गाडी जागच्या जागी पेट्रोल पिते, आणि काटा शून्यावर.

माझ्या गाडीचं दुखणं वेगळं निघालं. कुणीतरी कधीतरी तिचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आपल्याकडे ही सर्रास चाल आहे: ट्रॅफिकमध्ये इंजिन तापायला नको, काढा तो व्हॉल्व्ह. मग पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतं, इंजिन धड तापतच नाही, आणि बिचारा कॉम्प्युटर गाडी नुकतीच सुरू झाली असं समजून जादा पेट्रोल ओतत राहतो. असल्या सावधगिरीचा मला मनस्वी राग येतो.

मुलुंडच्या मामाला हे ऐकून आनंद झाला असता. त्याची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे त्याच्या मते 'आपल्याच रस्त्यावरची'. डॅशबोर्डवरचा चोक तो सकाळी असा हलकेच ओढायचा की मामी म्हणायची, "एवढ्या हळुवारपणे मला कधी चहा विचारलात?" कप्प्यात एक लांबट वही असे. टाकी काठोकाठ भरायची, आकडा लिहायचा, पुढच्या वेळी परत काठोकाठ, मग भागाकार. पंपावरच्या पोऱ्याने नोझल जरा लवकर काढलं तरी मामाचा चेहरा उतरायचा. वहीत कुणालाही बोट लावू द्यायचा नाही. टायरची हवा त्याच पानावर, आणि कार्ब्युरेटर साफ केल्याची तारीख लाल शाईत. खेडहून परतताना कशेडी घाट उतरू लागलं की गाडी न्यूट्रलमध्ये. आम्ही मागच्या सीटवर जीव मुठीत धरून, आणि पुढे मामा पेट्रोल वाचवल्याच्या समाधानात.

आजच्या इंजेक्शनच्या गाडीला ही युक्ती उलटी पडते. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रल केलं की इंजिन चालतं ठेवण्यापुरतं पुन्हा सुरू. तरी मामाच्या पिढीची माणसं अजून न्यूट्रल करतात. धोक्याचं आहे, म्हणून मी भांडतो. पेट्रोलचा मुद्दा त्यांना पटत नाही.

टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीला सीएनजी लावला तेव्हा मामालाही पुष्कळांनी सुचवलं. खर्च निम्म्यावर येईल म्हणाले. मामाने डिकी उघडून दाखवली. "इथे बाटला बसवला तर आंबे कुठे ठेवू?" त्या टॅक्स्या बाटला डिकीत आणि सामान टपावरच्या कॅरियरवर घेऊन पुढे कितीतरी वर्षं धावल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला बंद झाली. मामाने मात्र डिकी आंब्यांसाठीच राखली. पेट्यांच्या ओझ्याने खेडच्या फेरीत ॲव्हरेज पडायचंच, पण तो भागाकार वहीत कधी झाला नाही. त्या फेरीपुढे नुसतं लिहिलेलं असायचं: हापूस.